बंगळुरूमधील महाविद्यालयीन हॉकी प्रशिक्षक : पात्रता, पद आणि मैदान

बंगळुरूतील महाविद्यालयांमध्ये हॉकीचा संघ साधारणपणे दोन वेगळ्या व्यक्तींच्या हाती असतो, आणि या क्षेत्रात कारकीर्द करू इच्छिणाऱ्याने आरंभीच हा भेद नीट समजून घेणे आवश्यक आहे. पहिली व्यक्ती म्हणजे महाविद्यालयाचा शारीरिक शिक्षण संचालक, म्हणजेच विद्यार्थ्यांच्या तोंडचे ‘फिजिकल डायरेक्टर’. तो महाविद्यालयाच्या सेवेत असतो, सर्वच खेळांचा कारभार पाहतो, स्पर्धांच्या प्रवेशिका भरतो, खेळाडूंच्या हजेरीचा प्रश्न प्राचार्यांपुढे मांडतो आणि विद्यापीठाशी होणारा पत्रव्यवहार सांभाळतो. दुसरी व्यक्ती म्हणजे प्रत्यक्ष हॉकी शिकवणारा प्रशिक्षक. तो पुष्कळदा माजी खेळाडू असतो, हंगामापुरता किंवा वर्षाच्या कराराने नेमलेला असतो आणि त्याचा मोबदला पगाराऐवजी मानधनाच्या रूपाने मिळतो. पहिल्याला नोकरीचे स्थैर्य असते, पण मैदानावर उभे राहण्यास वेळ अपुरा पडतो. दुसऱ्याला खेळाचे ज्ञान असते, पण निर्णयाचा अधिकार नसतो. महाविद्यालयीन हॉकीत दीर्घकाळ टिकलेली व चांगले काम केलेली माणसे बहुधा या दोन्ही बाजूंची पात्रता असलेली असतात, म्हणून या वाटेने जाऊ पाहणाऱ्या तरुणाने शैक्षणिक पदवी आणि प्रशिक्षणाची पदविका यांची तयारी वयाच्या विशीतच बरोबरीने सुरू करावी, असे आग्रहाने सुचवावेसे वाटते.

महाविद्यालयीन प्रशिक्षक हा पूर्णवेळ, प्रतिष्ठित आणि स्वतंत्र व्यवसाय कसा असू शकतो, हे पाहायचे झाल्यास अमेरिकेतील आइस हॉकीकडे, म्हणजे बर्फाच्या मैदानावर स्केट्स घालून खेळल्या जाणाऱ्या हॉकीकडे, वळावे लागते. तेथे महाविद्यालयीन खेळांचे नियमन करणाऱ्या एनसीएए या संस्थेची आइस हॉकीची अजिंक्यपद स्पर्धा १९४८ पासून चालू आहे, आणि मुख्य प्रशिक्षक हा विद्यापीठाच्या सर्वाधिक परिचित चेहऱ्यांपैकी एक असतो. हर्ब ब्रूक्स यांनी मिनेसोटा विद्यापीठाच्या संघाला १९७४, १९७६ आणि १९७९ अशी तीन विजेतेपदे मिळवून दिली आणि पुढच्याच वर्षी, १९८० च्या लेक प्लॅसिड हिवाळी ऑलिंपिकमध्ये, प्रामुख्याने महाविद्यालयीन खेळाडूंच्या बळावर उभारलेल्या त्यांच्या अमेरिकी संघाने बलाढ्य सोव्हिएत संघाला हरवले आणि सुवर्णपदक मिळवले. जेरी यॉर्क यांनी १९७२ मध्ये क्लार्कसन येथे मुख्य प्रशिक्षकपद स्वीकारले आणि बोलिंग ग्रीन व बॉस्टन कॉलेज या संस्थांमार्गे २०२२ मध्ये निवृत्त होईपर्यंत ते पद याच क्षेत्रात, सुमारे अर्धशतक, सांभाळले. भारतात अशी सलग, एकाच पदाची कारकीर्द अद्याप उभी राहिलेली नाही. येथे ती निरनिराळ्या तुकड्यांतून जुळवावी लागते, आणि ते तुकडे कोणते, हे सांगणे हाच प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

या कामासाठी बंगळुरू हे शहर देशातील सर्वांत अनुकूल ठिकाणांपैकी एक आहे. म्हैसूर रस्त्याकडील ज्ञानभारती परिसरात, बंगळूर विद्यापीठाच्या अगदी शेजारी, भारतीय क्रीडा प्राधिकरणाचे, म्हणजे ‘साई’चे, दक्षिण केंद्र आहे आणि भारताच्या पुरुष व महिला हॉकी संघांची राष्ट्रीय शिबिरे वर्षानुवर्षे तेथेच भरत आली आहेत, २०२० च्या टाळेबंदीत दोन्ही संघ याच आवारात राहिले होते आणि त्यांतील पुरुष संघाने २०२१ मध्ये टोकियोत कांस्यपदक मिळवले, तर महिला संघ चौथा आला. शहराच्या मध्यभागी, शांतीनगर येथे, कर्नाटक राज्य हॉकी संघटनेचे फील्ड मार्शल करिअप्पा स्टेडियम आहे. मद्रास इंजिनिअर ग्रुप, म्हणजे ‘एमईजी’, या लष्करी केंद्रामुळे छावणीच्या भागात हॉकीची परंपरा रुजलेली आहे, आणि नैर्ऋत्येकडे काही तासांच्या अंतरावर असलेला कोडगू जिल्हा राज्याला पिढ्यान्‌पिढ्या खेळाडू पुरवत आला आहे.

मराठी वाचकाला हा भूगोल अनोळखी वाटू नये, कारण पुण्याच्या खडकीत बॉम्बे इंजिनिअर ग्रुपच्या सावलीत जी हॉकी वाढली, तिचेच भावंड बंगळुरूच्या छावणीत वाढले. १९९८ च्या बँकॉक आशियाई क्रीडा स्पर्धेत भारताने ३२ वर्षांनंतर हॉकीचे सुवर्ण जिंकले, तेव्हा कर्णधार खडकीचे धनराज पिल्ले होते आणि अंतिम सामन्यात पेनल्टी स्ट्रोक अडवणारे गोलरक्षक आशिष बल्लाळ बंगळुरूचे होते. अलीकडच्या काळातही फलटण तालुक्यातील आसूची वैष्णवी फाळके आणि वाखरीची अक्षता ढेकळे या पुण्याच्या क्रीडा प्रबोधिनीत घडलेल्या खेळाडूंना राष्ट्रीय शिबिरासाठी बंगळुरूच गाठावे लागले. प्रशिक्षक होऊ इच्छिणाऱ्या मराठी तरुणांनाही या शहरात येण्याचे तेवढेच सबळ कारण आहे.

तथापि येथे ‘कॉलेज’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या संस्था एकसारख्या नाहीत. महाराष्ट्रातील अकरावी-बारावीला कर्नाटकात प्री-युनिव्हर्सिटी किंवा ‘पीयू’ म्हणतात. तिचा शासकीय विभाग वेगळा, स्पर्धांची साखळी वेगळी आणि खेळाडूंचे वय सोळा-सतराचे, त्यामुळे पीयू महाविद्यालयातील प्रशिक्षक हा वास्तविक शालेय हॉकीचाच भाग असतो. पदवी महाविद्यालये विद्यापीठांशी संलग्न असतात, आणि २०१७ मध्ये बंगळूर विद्यापीठाचे तीन भाग झाल्यामुळे एकाच शहरातील दोन शेजारी महाविद्यालयांचे खेळाडू वेगवेगळ्या विद्यापीठांच्या निवड चाचणीस जातात. अभियांत्रिकी महाविद्यालये बहुतांशी बेळगाव येथे मुख्यालय असलेल्या विश्वेश्वरय्या तंत्रज्ञान विद्यापीठाखाली येतात, म्हणजे बंगळुरूत शिकणारा अभियांत्रिकीचा खेळाडू बेळगावच्या विद्यापीठाचा गणवेश घालून खेळतो. खासगी अभिमत विद्यापीठे, म्हणजे कोणत्याही विद्यापीठाशी संलग्न नसलेल्या आणि स्वतःची पदवी देणाऱ्या संस्था, यांचा संघ थेट आंतरविद्यापीठ स्पर्धेत उतरतो. नोकरीचा अर्ज करण्यापूर्वी उमेदवाराने ती संस्था यांपैकी कोणत्या प्रकारची आहे हे पाहावे, कारण प्रशिक्षकाच्या वर्षाचे सारे वेळापत्रक त्यावरून ठरते.

विद्यापीठ पातळीवरील स्पर्धा भारतीय विद्यापीठ संघ, म्हणजे ‘एआययू’, ही संस्था घेते. प्रथम आंतरमहाविद्यालयीन स्पर्धा होते, तिच्यातून विद्यापीठाचा संघ निवडला जातो, तो संघ दक्षिण विभागाच्या स्पर्धेत खेळतो आणि तेथील आघाडीचे संघ अखिल भारतीय आंतरविद्यापीठ स्पर्धेस पात्र ठरतात. त्यापुढे ‘खेलो इंडिया’ विद्यापीठ स्पर्धा आहे, जिची दुसरी आवृत्ती २०२२ च्या एप्रिल-मे महिन्यांत बंगळुरूतच भरली आणि यजमान जैन विद्यापीठ पदकतालिकेत पहिले आले. या स्पर्धांच्या निमित्ताने खासगी विद्यापीठांनी खेळाडूंना शुल्कमाफी आणि वसतिगृह देण्यास सुरुवात केली, आणि त्याबरोबर पूर्णवेळ प्रशिक्षकाची गरजही त्यांना भासू लागली. नव्या उमेदवाराला संधी मिळण्याचा संभव आज या संस्थांमध्ये सर्वाधिक आहे.

आता पदाकडे वळू. शासकीय, अनुदानित आणि विद्यापीठीय संस्थांमधील शारीरिक शिक्षण संचालकाची पात्रता विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या नियमांनी ठरते. शारीरिक शिक्षण किंवा क्रीडाशास्त्र या विषयातील पदव्युत्तर पदवी किमान ५५ टक्के गुणांनी उत्तीर्ण असणे, राष्ट्रीय (‘नेट’) किंवा राज्यस्तरीय (‘सेट’) पात्रता परीक्षा उत्तीर्ण असणे, अथवा नियमांनुसार मिळवलेली पीएच.डी. असणे, तसेच महाविद्यालय, विद्यापीठ, राज्य किंवा राष्ट्रीय पातळीवर खेळल्याचा पुरावा देणे, या मुख्य अटी आहेत. पदव्युत्तर पदवीधर असलेल्या आशियाई किंवा राष्ट्रकुल स्पर्धांतील पदकविजेत्यांसाठी त्यात वेगळा मार्गही ठेवलेला आहे. यांखेरीज शारीरिक क्षमतेची चाचणी असते : तीस वर्षांपर्यंतच्या पुरुष उमेदवाराने १२ मिनिटांत १८०० मीटर आणि त्याच वयाच्या महिला उमेदवाराने ८ मिनिटांत १००० मीटर अंतर धावत वा चालत पार करावे लागते, आणि वयोमानानुसार हे अंतर कमी होत जाते. या पदाची सुरुवात सातव्या वेतन आयोगाच्या दहाव्या शैक्षणिक स्तरावर, म्हणजे ५७,७०० रुपये मूळ वेतनावर होते, जे सहायक प्राध्यापकाच्या आरंभीच्या वेतनाइतकेच आहे. आयोगाने जानेवारी २०२५ मध्ये नव्या नियमांचा मसुदा प्रसिद्ध केलेला असल्यामुळे अर्जाच्या वेळी कोणते नियम लागू आहेत याची खात्री जाहिरातीवरूनच करावी.

या अटींचा व्यावहारिक अर्थ असा, की बारावीनंतर केवळ खेळात रमलेल्या आणि पदवी कशीबशी पूर्ण केलेल्या खेळाडूसाठी हे पद पुढे बंद होते. दोन वर्षांचे बी.पी.एड. आणि दोन वर्षांचे एम.पी.एड. हे शिक्षण महाराष्ट्रातच घेता येते. अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळासारख्या, १९१४ पासून कार्यरत असलेल्या संस्थेच्या महाविद्यालयात शिकून नंतर कर्नाटकात अर्ज करण्यास शैक्षणिक अडचण नाही. नेट परीक्षा देशभर ग्राह्य धरली जाते, तर राज्यस्तरीय ‘सेट’ची ग्राह्यता तिच्या राज्यापुरती असते, म्हणून राज्याबाहेर नोकरी शोधणाऱ्याने नेटचाच आग्रह धरावा. शासकीय भरतीत कन्नडच्या ज्ञानाची अट असू शकते. ती नसली तरी कन्नड शिकणे टाळू नये, याची कारणे पुढे येतील.

खेळ शिकवण्याच्या विद्येची प्रमाणपत्रे निराळी आहेत. १९६१ मध्ये पतियाळा येथे स्थापन झालेल्या नेताजी सुभाष राष्ट्रीय क्रीडा संस्थेची, म्हणजे ‘एनआयएस’ची, एक वर्षाची क्रीडा प्रशिक्षण पदविका हे भारतातील या व्यवसायाचे सर्वमान्य प्रमाणपत्र आहे; पतियाळाबरोबरच बंगळुरूच्या केंद्रातही हा अभ्यासक्रम चालतो आणि कोणता खेळ कोणत्या केंद्रावर शिकवला जाणार हे त्या त्या वर्षीच्या सूचनेत जाहीर होते. प्रवेशासाठी पदवी आणि खेळातील कामगिरी दोन्ही पाहिल्या जातात, आणि येथेच अनेकांची अडचण होते, कारण दहा वर्षे खेळलेल्या माणसाकडेही स्पर्धांची मूळ प्रमाणपत्रे जपलेली नसतात. प्रत्येक स्पर्धेचे प्रमाणपत्र, संघाच्या यादीची प्रत आणि विद्यापीठाचे सहभागपत्र त्या त्या वर्षीच मिळवून जपून ठेवावे. दहा वर्षांनंतर ते मागायला गेल्यास संघटनेचे पदाधिकारी बदललेले असतात आणि कागद सापडत नाहीत. ज्यांना वर्षभर थांबणे शक्य नाही त्यांच्यासाठी सहा आठवड्यांचा प्रमाणपत्र अभ्यासक्रम आहे, पण तो पदविकेची जागा घेत नाही. याशिवाय ‘हॉकी इंडिया’ या राष्ट्रीय महासंघाची मूलभूत स्तरापासून चढत जाणारी प्रशिक्षक-शिक्षण योजना आहे, जी पुढे आंतरराष्ट्रीय हॉकी महासंघाच्या, म्हणजे ‘एफआयएच’च्या, स्तरनिहाय प्रमाणपत्रांना जोडली जाते. पतियाळाची पदविका नोकरीसाठी उपयोगी पडते आणि महासंघाची स्तर-प्रमाणपत्रे राज्य वा राष्ट्रीय संघांच्या दिशेने जाण्यासाठी लागतात, असा ढोबळ भेद करता येईल.

पदविका हाती आल्यावरही पहिली काही वर्षे खासगी महाविद्यालयातील कराराच्या कामातच जातात, आणि या काळाविषयी उमेदवाराला आधीच स्पष्ट कल्पना असलेली बरी. मानधन ठरवताना ते किती महिन्यांचे, परीक्षा व सुट्टीच्या काळात मिळणार की नाही, परगावच्या स्पर्धेचा प्रवास व निवास कोणाच्या खर्चाने, खेळाडूच्या दुखापतीच्या उपचाराची जबाबदारी कोणाची आणि गोलरक्षकाचे साहित्य कोण घेणार, हे पाच प्रश्न लेखी स्वरूपात मिटवून घ्यावेत. उत्पन्नाची जुळवाजुळव करण्यासाठी अनेक प्रशिक्षक सकाळी महाविद्यालय आणि संध्याकाळी एखादी शाळा वा अकादमी सांभाळतात. ‘खेलो इंडिया’ केंद्राच्या योजनेत माजी विजेत्या खेळाडूला प्रशिक्षक म्हणून वर्षाला तीन लाख रुपयांपर्यंत मानधनाची तरतूद आहे, तिचाही विचार करता येतो. ‘साई’मध्ये सहायक प्रशिक्षकापासून मुख्य प्रशिक्षकापर्यंतची स्वतंत्र श्रेणी आहे आणि राज्याच्या युवा सबलीकरण व क्रीडा विभागाच्या वसतिगृहांतही प्रशिक्षक नेमले जातात, या जागांच्या जाहिराती नियमितपणे येत नाहीत, म्हणून त्यांच्यावर लक्ष ठेवावे, पण केवळ त्यांच्या भरवशावर बसून राहू नये.

मैदानावरील कामात बंगळुरूच्या महाविद्यालयीन प्रशिक्षकाला पहिल्याच आठवड्यात भेडसावणारा प्रश्न म्हणजे टर्फचा, अर्थात कृत्रिम गवताच्या मैदानाचा. १९७६ च्या मॉन्ट्रियल ऑलिंपिकपासून वरच्या पातळीवरील हॉकी टर्फवर गेली, परंतु बहुतेक महाविद्यालयांकडे मातीचे मैदान असते, तेही फुटबॉल आणि क्रिकेटबरोबर वाटून घेतलेले. टर्फचा वेळ शांतीनगरसारख्या ठिकाणी मागून घ्यावा लागतो आणि तो आठवड्यातून फार थोडा मिळतो. त्यामुळे सरावाची आखणी या विषमतेच्या पायावरच करावी लागते. मातीवर चेंडू उसळतो, म्हणून तेथे चेंडू थांबवण्याचा मऊ हात, जवळचे पास, शरीर चेंडूच्या रेषेत आणण्याची सवय, बचावातील पायांची हालचाल आणि दमसास यांवर भर द्यावा. टर्फवर चेंडू सपाट व वेगाने जातो, म्हणून तेथे मिळालेला प्रत्येक तास केवळ मातीवर अशक्य असलेल्या गोष्टींसाठी राखावा. लांब पल्ल्याचा स्लॅप, म्हणजे काठी जमिनीलगत फिरवून मारलेला फटका, प्रतिस्पर्ध्याला त्याच्याच अर्ध्या मैदानात एकत्रितपणे दाबून धरण्याची ‘प्रेस’ नावाची रचना आणि शॉर्ट कॉर्नर या त्या गोष्टी होत. टर्फ मिळालेला असताना खेळाडूंना मैदानाच्या फेऱ्या मारायला लावणारा प्रशिक्षक संघाच्या सर्वांत दुर्मीळ वस्तूची नासाडी करत असतो. मातीवरून एकदम टर्फवर गेल्यास मांडीच्या मागच्या स्नायूंवर आणि पाठीवर ताण वाढतो, हेही ध्यानात ठेवून पहिल्या सत्रात तीव्रता कमी ठेवावी.

शॉर्ट कॉर्नरला, म्हणजे नियमपुस्तकातील पेनल्टी कॉर्नरला, स्वतंत्र महत्त्व द्यावे लागते, कारण महाविद्यालयीन पातळीवरील अटीतटीचे सामने पुष्कळदा त्यावरच सुटतात. यात गोलखांबापासून किमान १० मीटर अंतरावरून चेंडू मैदानात ढकलला जातो, तो वर्तुळाबाहेर गेल्यावर थांबवला जातो आणि मग फटका घेतला जातो, तर गोलरक्षकासह केवळ पाच जण बचावास उभे राहू शकतात. साधा हिट असेल तर पहिला फटका गोलफळ्याच्या, म्हणजे ४६० मिलिमीटरच्या, उंचीखालून जावा लागतो, पण काठीने चेंडू ओढत उचलून फेकण्याच्या ड्रॅगफ्लिकला ही मर्यादा नाही, म्हणून ड्रॅगफ्लिक जाणणारा एक खेळाडूही संघाचे चित्र पालटू शकतो. नव्या प्रशिक्षकांची नजर नेमकी त्या फटकेबाजावर खिळते. प्रत्यक्षात चेंडू आत ढकलणारा आणि तो थांबवणारा या दोघांची कामे बिनचूक झाल्याशिवाय कोणताच फटका बसत नाही, आणि ही दोन्ही कामे मध्यम कौशल्याचा पण शिस्तीचा खेळाडू चार महिन्यांत उत्तम शिकू शकतो. महाविद्यालयाच्या संघात असे खेळाडूच अधिक असतात, त्यामुळे त्यांच्यावर घातलेला वेळ सर्वाधिक फळ देतो.

गोलरक्षकाची उपेक्षा हा महाविद्यालयीन हॉकीतील जुना दोष आहे. साहित्य महाग असल्यामुळे एकच संच सर्वांनी वापरायचा आणि सरावाच्या शेवटी उरलेल्या दहा मिनिटांत त्याच्यावर फटके मारायचे, ही पद्धत अजूनही दिसते. गोलरक्षकासाठी आठवड्यातून किमान दोन स्वतंत्र सत्रे ठेवावीत, आणि प्रशिक्षक स्वतः गोलरक्षक नसल्यास शहरातील माजी गोलरक्षकांची मदत घ्यावी. बंगळुरूत अशी माणसे आहेत, आणि महाविद्यालयीन मुलांसाठी सकाळचा एक तास देण्यास बोलावले तर ती येतात.

खेळाडू कोठून आणायचे, या प्रश्नाचे मोठे उत्तर कोडगूत आहे. १९९७ मध्ये पांडंडा कुट्टप्पा यांच्या पुढाकाराने करडा गावी ६० कुटुंबांच्या संघांसह सुरू झालेला कोडव हॉकी उत्सव दरवर्षी उन्हाळ्यात भरतो आणि प्रत्येक संघ एका कोडव घराण्याचा असतो. २०२४ मध्ये नापोक्लू येथे त्यात ३६० संघ उतरले आणि त्याची नोंद गिनीज बुकात झाली. बारावीचे निकाल आणि पदवीचे प्रवेश याच सुमारास असल्यामुळे महाविद्यालयाच्या प्रशिक्षकाने या उत्सवास जाणे अत्यंत फलदायी ठरते. पोन्नमपेट आणि मडिकेरी येथील क्रीडा वसतिगृहांतून बाहेर पडणारी मुले-मुली आणि हुबळी, धारवाड, बेळगाव या पट्ट्यातील खेळाडू यांच्याकडेही पाहावे. १९६४ च्या टोकियो ऑलिंपिकमधील सुवर्णविजेत्या संघात बेळगावचे बंडू पाटील होते, याची आठवण त्या भागातील तरुणांना करून देण्यासारखी आहे. मराठी प्रशिक्षकाला सीमाभागातील खेळाडूंशी बोलताना भाषेचा फायदा मिळतो. बाकीच्या संघासाठी मात्र त्याने कन्नड आत्मसात करायलाच हवी, कारण पालकांशी, मैदानाच्या कर्मचाऱ्यांशी आणि विद्यापीठाच्या कार्यालयाशी होणारा व्यवहार कन्नडमध्ये सहज होतो, आणि ज्याच्याशी घरची अडचण बोलता येते अशाच प्रशिक्षकावर मुले विश्वास टाकतात.

महाविद्यालयीन प्रशिक्षकाच्या कामाची खरी कसोटी सत्रपरीक्षेच्या काळात लागते. विभागीय स्पर्धा आणि सत्रपरीक्षा अनेकदा एकमेकींवर येतात, ७५ टक्के हजेरीची अट डोक्यावर असते आणि दुसऱ्या वर्षापर्यंत उत्तम खेळणारा मुलगा तिसऱ्या वर्षी नोकरीच्या मुलाखतींसाठी काठी बाजूला ठेवतो. मुलींच्या बाबतीत घरचा विरोध, परगावच्या स्पर्धेत राहण्याची सोय आणि संध्याकाळी उशिरा परतण्याचा प्रश्न यांमुळे ही गळती अधिक असते. प्रशिक्षकाने सत्राच्या आरंभी प्रत्येक खेळाडूचे परीक्षा-वेळापत्रक मागवावे, विद्यापीठाच्या संघात निवड झालेल्यांच्या हजेरीसवलतीची आणि पुनर्परीक्षेची पत्रे स्पर्धेपूर्वीच मिळवावीत, मुलींच्या संघाबरोबर महिला व्यवस्थापक असल्याशिवाय संघ परगावी नेऊ नये आणि नापास झालेल्या खेळाडूकडे पाठ फिरवू नये. राष्ट्रीय शिबिर शहरातच भरत असले तरी बहुसंख्य महाविद्यालयीन खेळाडू तेथे पोहोचणार नाहीत, हे सत्य आहे. रेल्वे, बँका, लष्कर आणि पोलीस यांच्या क्रीडा-भरतीत त्यांच्यातील काहींना खेळाच्या बळावर नोकरी मिळू शकते, आणि त्या जाहिरातींची माहिती खेळाडूपर्यंत वेळेवर पोहोचवणे हे प्रशिक्षकाचे कर्तव्य मानले पाहिजे.

कायद्याची जाणही आता टाळता येत नाही. पीयूचे खेळाडू अठरा वर्षांखालील असल्यामुळे २०१२ चा ‘पॉक्सो’, म्हणजे बालकांचे लैंगिक अत्याचारांपासून संरक्षण करणारा कायदा, त्यांना लागू होतो, आणि महाविद्यालयाच्या अंतर्गत तक्रार समितीची माहिती खेळाडूंना देणे ही प्रशिक्षकाचीही जबाबदारी ठरते. २०२२ च्या राष्ट्रीय उत्तेजकद्रव्यविरोधी कायद्यानंतर विद्यापीठ स्पर्धांतील खेळाडूंचेही नमुने घेतले जाऊ शकतात. व्यायामशाळेतून मिळणाऱ्या पावडरी, सर्दी-खोकल्याची औषधे आणि इंजेक्शने यांविषयी प्रत्येक हंगामाच्या आरंभी खेळाडूंशी बोलावे, आणि आजारी खेळाडूला बंदी असलेले औषध घ्यावेच लागत असेल तर उपचारासाठीची अधिकृत परवानगी आधी घ्यावी. खेळाडूला उत्तेजक घेण्यात साथ देणाऱ्या प्रशिक्षकावरही बंदी येते, हे त्याने विसरू नये.

ज्यांची ओढ आइस हॉकीकडेच आहे, त्यांच्यासाठी बंगळुरूत महाविद्यालयीन नोकरीचा थेट मार्ग नाही. भारताची आइस हॉकी संघटना १९८९ पासून आंतरराष्ट्रीय महासंघाची सदस्य असली, तरी या खेळाचे मूळ लडाखच्या गोठलेल्या तळ्यांवर आणि हिमाचलातील स्पितीत आहे, आणि भारत-तिबेट सीमा पोलीस व लष्कर यांचे संघ त्यात अग्रेसर आहेत; देहरादूनचा बंदिस्त रिंक २०११ मध्ये उभारला गेला, पण नंतर दीर्घकाळ बंद राहिला. तरीही २०१६ मध्ये तैपेई येथे प्रथमच आंतरराष्ट्रीय स्पर्धेत उतरलेल्या भारतीय महिला संघाने २०२५ मध्ये अल ऐन येथील आशिया चषकात कांस्यपदक मिळवले, ही प्रगती दुर्लक्षिण्यासारखी नाही. दक्षिणेतील इच्छुकाने एका ओळीत चाके असलेल्या इनलाइन स्केट्सवर पाया घालावा, कारण तोल, वळण आणि काठीवरील ताबा तेथून बर्फावर बऱ्याच अंशी नेता येतो, आणि हिवाळ्यात लेह येथील शिबिरांत सहायक म्हणून काम मिळवण्याचा प्रयत्न करावा. आइस हॉकीत खेळाडू पाऊण-एक मिनिटात बदलले जातात आणि गवताच्या हॉकीतही खेळाडू कितीही वेळा बदलण्याची मुभा आहे, त्यामुळे मैदानी हॉकीच्या प्रशिक्षकाला बदलीचे नियोजन शिकण्यासाठी बर्फावरील सामने पाहण्याचा उपयोग होतो.

आठ-दहा वर्षांच्या अनुभवानंतर प्रशिक्षकापुढे बहुधा तीन दिशा असतात : महाविद्यालयातच संचालकपदावर स्थिर होणे, विद्यापीठ वा राज्य संघाकडे जाणे, किंवा स्वतंत्र अकादमी उभी करणे. माजी भारतीय कर्णधार ज्यूड फेलिक्स यांनी बंगळुरूत अकादमीच्या मार्गाने काम केले आणि २०२० मध्ये त्यांना द्रोणाचार्य पुरस्कार मिळाला; परंतु त्यांच्यामागे आंतरराष्ट्रीय कारकीर्द होती, आणि तशी पार्श्वभूमी नसलेल्याने अकादमीची जागा, भाडे व साहित्य यांचा हिशेब मांडल्याशिवाय नोकरी सोडू नये. राज्य संघाकडे जाण्याची इच्छा असलेल्याने महासंघाचे पुढचे स्तर पूर्ण करावेत, स्वतःच्या सामन्यांचे चित्रीकरण जपून ठेवावे आणि मिळेल त्या शिबिरात बिनमोबदला सहायक म्हणून उभे राहण्याची तयारी ठेवावी. महाविद्यालयातच राहू इच्छिणाऱ्याने मात्र संचालकपद मिळाल्यावरही आठवड्यातील निदान चार सकाळी हॉकीच्या मैदानासाठी राखून ठेवाव्यात आणि त्या वेळात सभा व कागदपत्रांची कामे ठेवू नयेत, अशी विनंती प्राचार्यांकडे लेखी करावी. ती मान्य करणारे प्राचार्य बंगळुरूत आहेत.